चार हजार गाठींचा दोर

फार पूर्वी, माणसं फुटकं मडकंसुद्धा फेकण्याआधी दोनदा बघायची त्या काळी, समुद्रकाठी एक बंदर होतं. तिथली माणसं मात्र एकदाही बघायची नाहीत. वल्हं मोडलं, टाक पाण्यात. शीड फाटलं, टाक पाण्यात. त्या ढिगावर गाळ साचत गेला आणि शेवटी होड्या किनाऱ्याला लागेनात. बायकांना मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या चिखलातून यावं लागे.

लोक राजाकडे गेले. राजा म्हणाला, "गाळ काढायला शंभर माणसं देतो. पण आधी तुमची टाकाटाकी थांबू दे. नाहीतर मी काढायचं आणि तुम्ही भरायचं. वर्षभर जुनं पुन्हा वापरून दाखवा, मग माझा निरीक्षक बघायला येईल." लोकांनी मुकाट्याने मान डोलावली. असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत बंदर सोडून जायची पाळी आली असती.

बंदराला एक कारभारी होता. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला मोजायची भारी हौस. जेवताना घाससुद्धा मोजायचा. त्याने चावडीवर एक लांब दोर टांगला आणि दवंडी पिटवली, "मोडकी वस्तू दुरुस्त करून आणा, दोराला एक गाठ मारून घ्या. गाठी जितक्या जास्त, तितकी आपली प्रगती."

पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात दुरुस्त करायला काही उरेना. सगळ्यांच्या घरी सगळं धडधाकट. आता आली का पंचाईत? गाठी थांबल्या आणि कारभाऱ्याला जेवण गोड लागेना.

भिवा सुतार डोकेबाज. त्याने आपलं चांगलं वल्हं गुडघ्यावर धरून मोडलं, जोडलं आणि चावडीवर आणलं. गाठ बसली. दोन दिवसांनी तेच वल्हं पुन्हा. मग काय, सगळं बंदर कामाला लागलं. कोणी शीड फाडून ठिगळ लावलं, ठिगळ उसवून परत लावलं. एका बाईने नवऱ्याचा एकुलता एक सदरा आठवड्यात पाच वेळा फाडला आणि शिवला. नवरा बिचारा पंचा गुंडाळून ओसरीवर बसून प्रगती बघत होता.

या सगळ्यातून निघालेल्या ढलप्या आणि चिंध्या जायच्या कुठे? पाण्यात. त्या कोणी मोजत नव्हतं.

पुढे टांगलेला दोर गाठींना पुरेना. कारभाऱ्याने होड्या बांधायचे दोर आणून त्याला जोडले. जोडताना ज्या गाठी पडल्या, त्याही त्याने मोजून घेतल्या.

बंदराच्या टोकाला धाकलीबाय नावाची म्हातारी कोळीण राहायची. दोर झिजायला लागला की तुटायची वाट न बघता ती तो उकलायची. कुजका काथ्या होडीच्या फटी बुजवायला द्यायची आणि चांगल्या काथ्याला पुन्हा पीळ घालून दोर वळायची. तिच्या नावावर एकही गाठ नव्हती.

"धाकलीबाय, तुझ्यामुळे बंदराची सरासरी पडते," कारभारी एकदा तिच्या दारात येऊन म्हणाला. "एखादी तरी मोडकी वस्तू आण गं."

"मोडू दिली तर आणीन ना, कारभारी."

"मग तुझी प्रगती तू मोजतेस कशी?"

"ओहोटी लागली की अनवाणी खाली उतरते. पायाला किती टोचतं ते बघते. यंदा लई टोचतंय."

कारभाऱ्याला हे काही मोजणं वाटलं नाही. तो हसून निघून गेला.

वर्ष सरलं. निरीक्षकाचं गलबत लांबून दिसलं. चावडीवर चार हजार सातशे बारा गाठी झाल्या होत्या. कारभारी धुतलेलं पागोटं घालून उभा राहिला. आणि बंदराच्या तोंडाशी येऊन गलबत गपकन थांबलं. मोडक्या वल्ह्यांच्या ढिगात रुतलं होतं ते. ओहोटी लागत होती, गलबत एका अंगाला कलायला लागलं.

"दोर टाका," निरीक्षक ओरडला.

आता दोर आणायचा कुठून? सगळे चावडीवर टांगलेले. शेवटी लोकांनी तोच काढून आणला, गलबताला बांधला आणि चाळीस जणांनी जोर लावला. गाठी पटापट सुटल्या आणि चाळीस जण एकदम चिखलात उताणे पडले. पडल्या पडल्या कारभारी पुटपुटला, "चार हजार सातशे नऊ."

तेवढ्यात धाकलीबाय आपला दोर घेऊन आली. त्याने गलबत निघालं.

निरीक्षकाने किनाऱ्यावर येऊन विचारलं, "आजी, या दोराच्या किती गाठी मांडल्या?"

"एकही नाही. हा तुटलाच कधी?" म्हातारी म्हणाली आणि तिने आपली अनवाणी चालायची रीत त्याला सांगितली.

निरीक्षकाने जोडे काढले आणि चिखलात उतरला. तिसऱ्याच पावलाला म्हणाला, "आई गं."

"यंदा माणसं मिळणार नाहीत," बाहेर येऊन तो म्हणाला. टोपल्या घेतलेल्या बायकांची तोंडं उतरली. कारभाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुढच्या वर्षी परत येईन. तोवर कारभाऱ्यांनी रोज ओहोटीला अनवाणी चालायचं. 'आई गं' किती वेळा म्हणाले, तेवढंच मोजायचं."

पहिल्या दिवशी आकडा त्रेसष्ट आला. रात्री कारभाऱ्याचे पाय बघून भिवालाच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून लोक ढीग उपसायला लागले. निघालेल्या लाकडाचे भिवाने मासळी वाळवायचे मांडव केले. जुने दोर धाकलीबायने सगळ्यांकडून उकलून घेतले. कोणी पाण्यात काही टाकायला गेलं की बायकाच दटावायच्या, "कारभाऱ्यांच्या पायाचा विचार करा." आकडा उतरत गेला.

निरीक्षक पुन्हा आला. सगळं बंदर काठावर जमलं. कारभारी या टोकापासून निघाला. अर्धं अंतर झालं, चकार शब्द नाही. पाऊण झालं. अगदी शेवटच्या पावलाला तो कळवळून म्हणाला, "आई गं."

लोकांचा जीव थोडा थोडा झाला. धाकलीबाय पुढे गेली आणि तिने त्याचा पाय उचलून बघितला. अंगठ्याला एक खेकडा लोंबकळत होता.

"साहेब, हा मोजायचा का?" कारभाऱ्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"मोजा की," निरीक्षक म्हणाला. "पण तुमच्या बाजूने मोजा. गेल्या वर्षी इथे एक खेकडा दिसला नव्हता. कचरा हटला म्हणूनच हा परत आला."

पुढच्या आठवड्यात शंभर माणसं आली.

तात्पर्य काय, तर दुरुस्त्या किती केल्या हे मिरवू नये. टाकायला किती कमी उरलं, ते अनवाणी पायांनी बघावं.