महाराजांच्या तोंडावर शिक्का

पुडकं तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा मात्र चिंचणगडच्या राजे धैर्यशीलरावांचा पारा चढला!

पुडक्यात वीस पाकिटं होती आणि सोबत मुंबईच्या पाकीट-बदली क्लबाची चिठ्ठी. या क्लबाचं काम सरळ होतं. सभासदानं आपल्या मुलखाची तिकिटं लावलेली, टपालातून रीतसर हिंडून आलेली पाकिटं पाठवायची आणि बदल्यात देशोदेशीची तशीच पाकिटं घ्यायची. राजेसाहेबांना या नादानं पुरतं झपाटलं होतं. नदीवरचा पूल खचला तरी त्यांची झोप मोडत नसे, पण मुंबईची डाक दोन दिवस उशिरा आली की त्यांना अन्न गोड लागत नसे!

दिवाण बापूसाहेबांनी घसा साफ करून चिठ्ठी वाचली. "तिकिटावर शिक्का नाही. शिक्का आहे तो शेजारी, कोऱ्या कागदावर. असली पाकिटं कोणी सभासद घेत नाही. पुढच्या खेपेलाही हेच झालं, तर आपलं नाव कमी करू."

"नाव कमी? आमचं?" राजेसाहेब गरजले. "टपाल कचेरीतल्या त्या शिक्केवाल्याला आणा!"

शिक्केवाला भिवा गुरव हात जोडून उभा राहिला.

"काय रे, एवढं तिकीट सोडून भलतीकडंच शिक्का मारतोस? डोळे फुटले काय?"

"महाराज, तिकिटावर आपला मुखडा हाय," भिवा चाचरत म्हणाला. "आन् आपलाच हुकूम हाय, जो कुणी महाराजांच्या तोंडाला काळं लावंल त्याची गाढवावरनं धिंड! शाई तर काळीच असती. मग मी मारू कुठं?"

हुकूम खरा होता. तिकिटांवर छबी छापून आली त्याच दिवशी तो निघाला होता आणि वेशीवर अजून टांगलेला होता. दरबारात दोघातिघांना हसू फुटलं, पण त्यांनी खोकून वेळ मारून नेली.

"महाराज," दिवाण हळूच म्हणाले, "हुकूम मागं घ्यावा. नाहीतर क्लब सोडावा. एरवीही खर्चच आहे सगळा. वर्गणी, पाकिटं, तिकिटं, आणि दर खेपेला हा अपमान!"

"क्लब सुटणार नाही आणि हुकूम फिरणार नाही!" राजेसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "ऐक, भिवा! शिक्का तिकिटावरच बसला पाहिजे आणि आमच्या तोंडाला काळं लागता कामा नये. उद्या दुपारची डाक निघायच्या आत! नाही जमलं, तर नोकरी गेली आणि तुझं बिऱ्हाड हद्दीबाहेर!"

भिवा घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्यानं बायकोला, सगुणेला, सगळं सांगितलं. गावातल्या महादेवाची पूजाअर्चा हीच बाई बघायची, आणि देवापुढंसुद्धा ती कधी उगाच वाकत नसे.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "आधी जेवून घ्या. उद्या मी येते दरबारात."

दुसऱ्या दिवशी सगुणेनं भर दरबारात शिक्का आणि एक डबी काढली. डबीत कुंकवासारखी लालभडक शाई होती. तिनं शिक्का बुडवला आणि परत आलेल्या एका पाकिटावरच्या महाराजांच्या छबीवर, बरोबर कपाळावर हाणला. ठप्प!

भालदार पुढं सरसावले.

"बघावं महाराज," सगुणा म्हणाली, "तोंडाला काळं लागलं का? टिळा लागलाय! राजाच्या कपाळी टिळा लावला म्हनून कुनाची धिंड निघाल्याचं आमी तरी ऐकलं न्हाई."

"क्लबाला लाल चालेल?" दिवाणांनी विचारलं.

"त्यांनी शिक्का मागितलाय. रंग कुठं मागितलाय?"

तेवढ्यात राजपुरोहित उठले. "थांबा! राजाला टिळा लावण्याचा मान फक्त आमचा! शिक्केवाल्यानं लावला तर अनर्थ होईल!"

"बरं झालं बुवा, तुमीच बोललात!" सगुणेनं शिक्का त्यांच्यापुढं धरला. "रोजची चारशे पत्रं असत्यात. उद्यापास्नं दुपारच्या उन्हात कचेरीत बसायचं. डाक निघंपर्यंत उठायचं न्हाई, आन् जेवायचं त्याच्यानंतर!"

पुरोहितबुवांनी शिक्क्याकडं पाहिलं, मग आपल्या पोटाकडं. "तसं... शास्त्रात पर्याय आहे," ते खाली बसत म्हणाले. "शिक्केवाल्यानं लावला तरी पुण्य राजालाच!"

राजेसाहेबांच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं, पण मान अजून ताठच होती. "टिळा म्हण, काही म्हण, ठोका तो ठोकाच! चिंचणगडच्या राजानं दिवसातून चारशे वेळा डोक्यात ठोका खायचा. एवढं सोसण्याजोगं या क्लबात आहे तरी काय? सांग बाई! पटलं तर भिवाची नोकरी राहिली."

सगुणा म्हणाली, "महाराज, क्लबाकडनं आलेली पाकिटं आणावीत."

चंदनी पेटी आली. राजेसाहेब भिंग घेऊन स्वतःच एकेक पाकीट कौतुकानं दाखवू लागले. "हा बघ दर्यापारचा बादशहा! ही राणी! हा तर एवढा मोठा सुलतान!"

"याच्या नाकावर काय हाय, महाराज?"

"शिक्का."

"आन् राणीच्या डोळ्यावर?"

"शिक्काच."

"सुलतानाची तर मिशीबी दिसंना! लाल न्हाई, काळाकुट्ट!" सगुणा म्हणाली. "महाराज, एवढे राजे-बादशहा तोंडाला काळं लावून घेऊन आपल्या पेटीत हजर झाल्यात, आन् आपन भिंगातनं बघून खूश होताय! दुसऱ्यांची तोंडं काळी झालेली बघायचा आनंद रोज पायजे, तर आपल्या कपाळी एवढासा टिळा महाग पडतो व्हय?"

राजेसाहेबांनी भिंगातून सुलतानाकडं पाहिलं, मग राणीकडं, आणि मग असे खदखदून हसले की फेटा सुटून मांडीवर आला!

"दिवाणजी, वेशीवरचा हुकूम राहू द्या, आणि आपली ती वीस पाकिटं लाल शिक्के मारून आजच्याच डाकेनं क्लबाला रवाना करा! बाईला जरीचं लुगडं द्या आणि टपाल कचेरीची मुख्य शिक्केवाली नेमा. भिवाची नोकरी कायम!" ते डोळे पुसत म्हणाले. "पण तिच्या हाताखाली!"