काळजाईला गूळपाणी

हे काळजाईचं देऊळ. आसपासच्या गावांत देवीला बकरं पडतं. इथं मात्र तांब्याभर गूळपाणी. त्याची हकिकत जुनी माणसं सांगतात ती अशी.

एके साली पावसानं मध्येच दडी मारली. गुडघाभर ज्वारी करपली, म्हणून लोकांनी गुरं शिवारात सोडली. दुपारी अकरा गुरं आडवी झाली, त्यातली पाच जागीच मेली. पोटं फुगलेली, तोंडाला फेस, पाय ताठ. गुरव म्हणाला, "ठकू धनगरणीची मेंढरं देवीच्या माळावर बसली, त्याचा हा कोप. तिचा कळप देवीपुढं कापा."

ठकूबाई विधवा होती. तीस मेंढरं, एवढाच तिचा संसार. लोक दोर घेऊन आले तेव्हा ती वाटेत उभी राहिली.

"देवी कोपली असती तर आधी माझी मेंढरं पडली असती. ती तर उभी हायत!"

मग ती शिवारात गेली आणि मेलेल्या बैलाचं पोट तिनं विळ्यानं फाडलं. "पाप, पाप!" असा गलका झाला. रक्त लालभडक होतं. तिनं आत कोपरापर्यंत हात घालून मूठभर हिरवा चोथा वर काढला.

"बघा. करपल्या ज्वारीचे कोवळे फुटवे. ह्यात इख असतं, त्यानंच रगात असं लालभडक होतं, माझा बाप सांगायचा. उरलेली गुरं बाहेर काढा आन् गूळ आणा."

गुरव आडवा आला. "आणि ही पडलेली गुरं मेली तर?"

"तर मेंढरं तुमची. पण जगली, तर देवीच्या उंबऱ्यावर परत रगात सांडायचं नाय."

"कबूल," गुरव म्हणाला, पण गूळ आणायला कोणी गेलं नाही. शेवटी पाटलीणबाई सजूबाई घरातली गुळाची अख्खी ढेप घेऊन आल्या. ठकूबाईनं गूळ पाण्यात कालवला आणि बांबूच्या नळीनं एकेका जनावराला पाजू लागली. पहिली दोन तिच्या हाताखालीच गेली. गुरव हसला. पण नळी तिनं खाली ठेवली नाही. उन्हं कलली तेव्हा पाटलांची कपिला गाय धडपडत उठली. मग आणखी तीन उठली. लोकांनी दोर गुंडाळले आणि उरलेलं गूळपाणी देवीपुढं ठेवलं; तेव्हापासून तोच तिचा नैवेद्य.

आजही इथं जनावर पडलं की कोणी आधी देवळाकडे धावत नाही. त्यानं काय खाल्लं ते बघतात, औषधपाणी करतात आणि मगच देवीच्या पाया पडतात. त्यावरून देवी अजून एकदाही कोपलेली नाही.