पदव्यांसकट देव

वेणूताई पारखींची कादंबरी लिहून झाली होती; फक्त तिच्यातल्या देवाचं बारसं राहिलं होतं. सात पाताळं पालथी घालणारा, भक्ताच्या हाकेसरशी धावून येणारा हा नवाच देव त्यांनी कल्पनेतून घडवला होता. त्याला त्या ‘सोमा’ म्हणणार होत्या.

तेवढ्यात संस्थानचे राजेसाहेब आडवे आले. “देवाला आमचं नाव द्या. सगळ्या पदव्यांसकट! नाहीतर आमच्या छापखान्यात तुमचं पानही छापणार नाही.”

संस्थानात छापखाना एकच होता. “जशी आज्ञा, सरकार,” म्हणून वेणूताई गेल्या आणि आठवड्याने भर दरबारात नवं प्रकरण वाचायला उभ्या राहिल्या.

“नदीत मगरीने भक्ताचा पाय धरला. भक्त ओरडला, ‘धाव रे श्रीमंत अखंडप्रतापी...’ तोवर मगरीने गुडघा गिळला. ‘रिपुदमन शौर्यभास्कर...’ कंबर गेली. ‘धारराव आबासाहेब...’”

वेणूताईंनी कागद मिटला.

“पुढे?” राजेसाहेब खुर्चीच्या टोकावर आले.

“पुढे काही नाही, सरकार. आडनाव राहिलं आणि भक्त संपला. देव येऊन बघतो, तर मगर ढेकर देतेय.”

दरबाऱ्यांनी उपरण्यांत तोंडं खुपसली. राजेसाहेब मात्र खरोखरच विचारात पडले आणि एकदम खुलले. “सोपं आहे! भक्ताला काठावरूनच हाक सुरू करायला सांगा.”

वेणूताईंनी हात जोडले. “सरकार, काठावर असताना देवाला हाक मारतंय कोण?”

कादंबरीत देव सोमाच राहिला. राजेसाहेबांचं अख्खं नाव अर्पणपत्रिकेत छापलं. तिथे मगर नव्हती.