बर्फाचा वाटा

फार पूर्वी एका माळावरच्या मुंग्या दरसाल पावसाळ्यासाठी धान्याचा वाटा बाजूला काढत.

एका हिवाळ्यात दूरदेशीचा करकोचा तिथल्या तळ्यावर उतरला. कोठार बघून म्हणाला, "ही मांडणी बाहेर कुणाला कळायची नाही. जगभर बर्फाचा वाटा दाखवतात. तुम्हीही दाखवा, म्हणजे परदेशी वारुळं तुमच्याशी देवघेव करतील."

"साहेब, इथं बर्फ नाही, पाऊस पडतो," थोरली मुंगी म्हणाली.

"नियमात पावसाचा रकाना नाही."

दोन वाटे काढण्याइतकं धान्य नव्हतं. पावसाचा वाटा बर्फाच्या नावावर गेला, आणि बर्फ पडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

आषाढात बाहेर पाऊल टाकता येईना. पिल्लं उपाशी पडली. थोरली कोठाराकडे धावली, तर दारात राखणीचा मुंगळा आडवा उभा.

"बाई, नियमाला धरून बोला. बर्फ कुठं पडलाय?"

हिवाळ्यात करकोचा परतला. धान्य जसंच्या तसं पाहून खूश झाला.

"उत्तम! पण मुंग्या कमी दिसतात?"

"पावसात गेल्या, साहेब."

"पाऊस?" करकोचा म्हणाला. "दर हिवाळ्यात येतो मी. इथं कधी पाहिला नाही."