स्वयंपाकघरातला हळू आवाज

घरातल्या वस्तू अजून आपसात बोलत असत, तेव्हाची गोष्ट. ओगल्यांकडे पारखून घ्यायला बिनतारी स्पीकरचे दोन संच आले, एक काळा आणि एक पांढरा. दोन्हींचा एकेक स्पीकर दिवाणखान्यात, झोपायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात बसला. आठवड्याने एक संच परत जायचा होता.

काळ्याचं गाणं घरभर एकसारखं वाजे. पांढऱ्याचं मात्र स्वयंपाकघरात मधूनच अगदी हळू होई.

"अरे, असा दबतोस काय?" मांडणीवरून काळ्याने हटकलं. "परत जाशील अशानं!"

"नवी सून कुकरच्या शिट्ट्या मोजते ना, तेव्हा दबतो," पांढरा म्हणाला. "काल तुझ्या गाण्यात तिची मोजणी चुकली. वरण खाली लागलं, आणि ती बिचारी दिवसभर कुणाशी बोलली नाही."

रविवारी तिचा नवरा हृषीकेश पांढऱ्याचं खोकं घेऊन आला. "आई, हा परत देतो. स्वयंपाकघरात याचा आवाज पडतो."

"तोच राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "शिट्ट्या मोजताना मैथिली गुणगुणते. याचा आवाज पडला की मला ते बाहेर ऐकू येतं. एरवी ही मुलगी बोलते कुठे?"

मैथिलीने घाईघाईने कुकरकडे पाहिलं, जणू तो पळूनच चालला होता.

खोक्यात शिरताना काळा कुरकुरला, "गाणं माझंच सरस होतं."

"होतंच की," पांढरा म्हणाला, आणि त्याने आवाज कमी केला. पहिली शिट्टी आता होणारच होती.