टिकण्याचा हिशेब

माणदेशातल्या एका खेड्यातली सुवर्णा मेटकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. बारावीनंतर तिनं मोठ्या नावाजलेल्या विद्यापीठात संख्याशास्त्रासाठी अर्ज केला. लेखी परीक्षा उत्तम गेली. उरली मुलाखत, आणि मुलाखत घ्यायला बसले होते विभागप्रमुख डॉ. चिरमुले. त्यांच्यापुढे भलेभले चाचरत.

सरांनी शाळेचं नाव वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे बघ बाळ, स्पष्टच सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं इथं टिकत नाहीत. तू घराजवळचं एखादं कॉलेज बघ."

परतीची एसटी सुवर्णाला डोळ्यांपुढे दिसू लागली. पण तिनं स्वतःला सावरलं आणि नम्रपणे विचारलं, "सर, आजवर अशी किती मुलं तुम्ही घेतलीत?"

"एकही नाही."

"मग ती टिकत नाहीत, हे कशावरून ठरलं?"

सरांच्या शेजारी मुलाखतीला बसलेल्या भागवत मॅडमनी हसू लपवायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. चिरमुले सरांनी मात्र चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माहिती गोळा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, असं ते वर्गात रोज बजावत असत.

"चुकलं माझं," ते अखेर म्हणाले. "तुला प्रवेश दिला. आता तू टिकलीस, तर तुमच्या शाळांतली मुलं टिकतात असं मी मानेन."

सुवर्णा उठता उठता थांबली.

"सर, एकीवरून कसं ठरवणार? पुढच्या वर्षी आणखी मुलं घ्यावी लागतील."