काठीखालची मानसं

पूर्वी सोनवळी नगरात धरणीपाल राजा राज्य करीत व्हता, तवा बोधिसत्त्व तिथल्या तळ्यावर पानी मापून द्यायच्या कामाला व्हता. नाव सुतन. दुस्काळ पडला. मानशी रोज एक घागर ठरली. तळ्याकाठी छातीएवढी काठी रोवली. काठीपरीस उंच असंल त्यो मानूस, त्याला घागर. बुटकं असंल ते पोर, त्यानं आईबापाच्या घागरीतलं प्यावं. ही अक्कल प्रधान कालिंदाची. सभेत कोन आडवं बोललं की म्हनायचा, पोरावानी बोलू नगंस. समदी हसायची. हसनाऱ्या प्रत्येकाच्या घरात पोरं व्हती. लाज वाटाय पायजे व्हती.

एक दिस सामा आली. नऊ वर्साची, कडंवर धाकटा भाऊ. मायबाप साथीत गेल्यालं. ज्येंला आईबापच न्हाईत त्येंनी कुनाच्या घागरीतलं प्यावं, हे एवढ्या शहान्या सभेत एकाला सुचलं नव्हतं. शेजारनीनं आपल्यातलं दिलं, मग तिचंच सरलं. पोराचं रडनं बी थांबल्यालं.

सुतननं आपली घागर त्येंला दिली. रोज दिली. चवथ्या दिशी त्योच भोवळ यिऊन पडला. माप थांबलं, रांगेत ढकलाढकली सुरू झाली, म्हनून राजा सोता आला.

प्रधान म्हनला, "म्हाराज, ह्यो हुकमाच्या इरुद्ध पोरं पोसतोय."

सुतन उठून बसला. "माझी घागर व्हती, मी दिली. हुकूम मोडला न्हाई. पर उद्या मी नसलो तर काय, ते ह्या पोरीला इचारा."

राजानं इचारलं. प्रधान मधीच म्हनला, तिला काय कळतंय.

सामा कडंवरच्या भावाला सावरून काठीकडं बघत म्हनली, "ह्यो जगला तर काठीएवढा व्हईल. आदुगर जगाय तर पायजे."

राजा काठीपाशी गेला. मग त्यानं आपल्या हातानं काठी उपटली. त्या दिसापास्नं मोठ्यांच्या घागरी चार बोटं रिकाम्या ऱ्हाऊ लागल्या आन ते उरल्यालं पानी पोरांच्या वाट्याला जाऊ लागलं. लोक कुरकुरलं, प्रधान तर मरंस्तवर कुरकुरला. पर तहानंनं एक बी पोर गेलं न्हाई.

जेतवनात एका भिक्खूनं उपदेश ऐकाय आल्याली लेकरं गोंगाट करत्यात म्हनून हाकलली, तवा बुद्धांनी ही गोष्ट सांगितली. म्हनलं, "तवाचा प्रधान म्हंजी ह्यो भिक्खू. राजा म्हंजी माझा शिष्य आनंद. सामा म्हंजी ती भाईर उभी ऱ्हायल्याली कुंभाराची पोर. आन पानी मापनारा मी."

भिक्खू उठला, भाईर गेला आन लेकरांना आत घिऊन आला. ह्याला करुणा म्हनत्यात.